बरड माथा हिरवा आणि काळी जमीन लाल! तालुक्याचा वाळवंटीकरण धोका नकाशा उलटा येऊन राहिला, मदत पाहिजे

शिवार_नकाशा

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी भूगोलच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव दारव्हा तालुक्यातलं, घरी शेती. प्रोजेक्टला आपल्याच तालुक्याचा वाळवंटीकरणाचा, म्हणजे जमीन बिघडत जाण्याचा, धोका जीआयएसवर (संगणकावरच्या नकाशा प्रणालीवर) काढायला घेतला. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राचा २०१६ चा अ‍ॅटलस वाचला होता, त्यात २०११-१३ च्या उपग्रह चित्रांवरून देशाची २९.३२ टक्के जमीन ऱ्हास झालेली सांगितली आहे आणि महाराष्ट्राची ४४.९३ टक्के. एवढा मोठा आकडा आपल्या राज्याचा, मग आपल्या शिवारात तो नेमका कुठं आहे हे कोणीतरी काढलं पाहिजे असं वाटलं म्हणून हा विषय.

केलं काय ते सांगतो. मेडालस पद्धत घेतली, म्हणजे माती, हवामान, वनस्पती आणि व्यवस्थापन असे चार निर्देशांक, प्रत्येकाला १ ते २ मध्ये गुण, चौघांचा गुणाकार करून त्याचं चौथं मूळ काढायचं आणि १.३८ च्या वर आलं की जमीन गंभीर वर्गात. माती सॉइलग्रिड्स या जागतिक माती नकाशातून घेतली, उतार एसआरटीएमच्या अंतराळातून मोजलेल्या उंचीवरून, पाऊस चर्प्सच्या पावसाच्या थरातून, आणि वनस्पतीसाठी लँडसॅट उपग्रहाची १९९१ आणि २०२१ ची ऑक्टोबरमधली ढग नसलेली चित्रं घेऊन एनडीव्हीआयचा (हिरवेपणाच्या निर्देशांकाचा) फरक काढला. सगळं क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये.

आता निकाल पहा. माथ्यावरची बरड जमीन, जिथं वखर घातला की खाली मुरूम खरवडल्याचा आवाज येते, ती नकाशात कमी धोक्याची. आणि नदीकाठची भारी काळी, जिथं लोक सोयाबीन काढून हरभरा घेतात, तिथं वनस्पतीचा ऱ्हास म्हणून लाल पट्टेच्या पट्टे. गाइड सर म्हणतात पद्धत जगमान्य आहे, निकाल जसा आला तसा लिही. पण मी त्याच शिवारात वाढलोय, हे असं नाही हे मला माहीत आहे आणि असा नकाशा छापायला मन होत नाही. वर्गांच्या सीमा बदलल्या तर चालते का? चित्र कोणत्या महिन्याचं घ्यावं? आणि मातीची खोली उपग्रहावरून कळायचा काही मार्ग आहे का? ज्यांनी काम केलं असेल त्यांनी सांगा प्लीज.

पिक्सेल_नागपूर

मित्रा, सरांना सांग की पद्धत जगमान्य आहे पण तिच्यातले वर्ग जगमान्य नाहीत. मेडालस भूमध्य समुद्राकाठच्या देशांसाठी बसवलेली आहे, ग्रीसचं लेस्व्होस बेट, इटलीतलं आग्री नदीचं खोरं, पोर्तुगालचा आलेन्तेजो हे तिचे अभ्यासाचे भाग. तिथं पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि एकूण कमी पडतो. त्यामुळे त्यांचे पावसाचे वर्ग आहेत ६५० मिमीच्या वर, २८० ते ६५० आणि २८० च्या खाली. तुझा अख्खा तालुका पहिल्याच वर्गात बसून गेला, सगळ्यात चांगला गुण घेऊन. आपल्या इकडे पाऊस दिसायला भरपूर, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, त्यातही थोड्याच दिवसांत धो धो आणि मध्ये तीन तीन आठवड्यांचा खंड. वार्षिक बेरजेत यातलं काहीच दिसत नाही. तू पाऊस आणि संभाव्य बाष्पीभवन यांचं गुणोत्तर घे. संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरण करारात पण तेच धरतात, ०.०५ ते ०.६५ च्या मधला प्रदेश म्हणजे शुष्क, निमशुष्क आणि कोरडा उपआर्द्र, त्यात जमिनीचा ऱ्हास झाला की त्याला वाळवंटीकरण म्हणायचं. त्याच्या जोडीला खंडाचे दिवस हा वेगळा थर टाक, मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो त्यावरून काढता येते.

उताराचं तर याहून वाईट आहे. त्यांच्या पुस्तिकेत ६ टक्क्यांच्या खालचं सगळं एकाच वर्गात, म्हणजे जवळपास सपाट. आपल्या काळ्या मातीची धूप १ ते ३ टक्के उतारावरच सुरू होते, कारण जूनमध्ये जमीन वखरून उघडी असते आणि पहिला मोठा पाऊस तिच्यावरच पडतो. म्हणून ०-१, १-३, ३-५, ५-१० असे वर्ग पाड, आपल्याकडचे मृदा सर्वेक्षणवाले असेच बारीक पाडतात. पण इथं एक खोच आहे. एसआरटीएमची उंची पूर्ण मीटरमध्ये असते, पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये १ मीटरचा फरक आला की उतार झाला ३.३ टक्के. उंचीत मधलं काही येतच नाही. अशा डेटावर १-३ चा वर्ग पाडला तर पायऱ्या पायऱ्या दिसतील आणि तू त्यालाच धूप समजशील. कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम (उंचीचा डिजिटल नकाशा) घे, त्यात दशांश असतात, आणि उतार काढायच्या आधी थोडा गुळगुळीत करून घे.

ऑक्टोबरच्या चित्राचं उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. १९९१ ला तुमच्या नदीकाठी बहुतेक पऱ्हाटी आणि ज्वारी असेल, ती ऑक्टोबरमध्ये हिरवी उभी असते. २०२१ ला तिथं सोयाबीन, ते सप्टेंबरच्या शेवटापासून निघायला लागते, म्हणजे चित्राच्या दिवशी शेत रिकामं किंवा हरभऱ्यासाठी नांगरलेलं. उपग्रहानं पीक बदललेलं टिपलं, जमीन बिघडलेली नाही. दोन तारखांची तुलना आपल्या भागात करूच नये असं माझं ठाम मत आहे, अख्ख्या हंगामाची बेरीज घ्यावी. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचा १६ दिवसांचा एनडीव्हीआय २००० पासून आहे, जून ते जानेवारी बेरीज कर दर वर्षाची. मग ती बेरीज आणि त्या वर्षाचा पाऊस यांचा संबंध प्रत्येक पिक्सेलला काढ, पावसामुळे जेवढं हिरवं व्हायला पाहिजे तेवढं वजा कर आणि जे उरते त्याचा कल बघ. पाऊस चांगला असून वर्षागणिक हिरवेपण कमी होत चाललं असेल तर तिथं खरंच काहीतरी बिघडलेलं आहे. ओलिताचे पिक्सेल मात्र आधी बाजूला काढ, विहिरीच्या पाण्यावर हा संबंध टिकत नाही.

आणि हो, यवतमाळ जिल्हा ७८ अंश रेखांशाच्या दोन्ही बाजूला पसरलेला आहे. तुझा तालुका पश्चिमेला आहे म्हणून यूटीएम ४३ (नकाशा मोजणीचा ७८ अंशाच्या पश्चिमेचा झोन) चालून जाईल, पण जिल्ह्याचे थर घेतले असशील तर वणीकडचे ४४ मध्ये असतील, सगळे एकाच झोनमध्ये आणल्याशिवाय क्षेत्रफळ काढू नको.

काळीआई_अकोला

मातीबद्दल मी बोलते, माझं शिक्षण आणि काम दोन्ही मृदाशास्त्रातलं आहे.

सॉइलग्रिड्सचा पिक्सेल २५० मीटरचा, म्हणजे सव्वासहा हेक्टर, साडेपंधरा एकर. आपल्याकडे साडेपंधरा एकरात माथ्यावर वीत भर माती आणि खाली नाल्याजवळ पाच फूट काळी असू शकते. त्या पिक्सेलमध्ये दोन्हीची सरासरी येते आणि सरासरी खोलीची जमीन शिवारात कुठंच नसते. म्हणून तुमचा माथा सुरक्षित दिसला भाऊ.

खोली इतकी महत्त्वाची का ते आकड्यात पहा. भारी काळी माती एक मीटर खोलीत ढोबळमानानं १५० ते २०० मिमी पाणी पिकासाठी धरून ठेवते. २५ सेंमी मातीत ते ४०-५० मिमीच झालं, आणि मुरमाचे खडे मिसळलेले असले तर त्याहून कमी. पीक दिवसाला ४-५ मिमी पाणी ओढते. म्हणजे बरड जमिनीवर आठ-दहा दिवसांचा खंड पिकाला लोळवतो आणि त्याच गावात खालच्या शेतात महिनाभर काही होत नाही. पाऊस दोघांवर सारखाच पडला. मग बरड शेतातलं पीक विरळ, पानाचं आच्छादन कमी, पुढचा पाऊस उघड्या मातीवर, अजून माती वाहून गेली, खोली अजून कमी. ही साखळी एकदा लागली की थांबवणं फार अवघड आहे, कारण बेसॉल्टपासून नवीन माती तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

म्हणून तुमच्या तालुक्यात खोली हा मुख्य थर धरा असं मी म्हणेन. मेडालसमध्ये ७५, ३० आणि १५ सेंमी असे खोलीचे वर्ग आहेत, ते आपल्याकडे चालतात. डेटासाठी नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे, त्यांचे मातीचे नकाशे पहा, आणि राज्याचं सुदूर संवेदन केंद्रही नागपूरलाच आहे. कॉलेजचं पत्र घेऊन विद्यार्थ्यानं स्वतः जाऊन भेटणं चांगलं.

खोली थेट उपग्रहावरून दिसत नाही. पण एप्रिल-मे मध्ये शेतं उघडी असताना सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र पाहिलं तर मुरूम वर आलेले भाग फिकट तांबूस दिसतात आणि भारी माती गडद. उतार, माथ्यापासूनचं अंतर आणि हा उन्हाळ्यातला रंग, या तिघांवरून खोलीचा अंदाज बांधता येतो आणि तो शेतात खोदलेल्या खड्ड्यांवर तपासून घेता येतो.

एक इशारा, हा तुमच्या तालुक्यासाठी नाही पण जे कोणी हा धागा वाचून अमरावती, अकोला, बुलढाण्यात पूर्णा खोऱ्यात असाच नकाशा करायला जातील त्यांच्यासाठी. तिथल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, माती खोल आहे, उतार नाही, वर पांढरा थरही दिसत नाही. उपग्रहाला ती जमीन उत्तम वाटते. बिघाड आत आहे. कमी पावसाच्या कोरड्या हवेत मातीतला चुना खड्यांच्या रूपात साचत जातो, कॅल्शियम त्यात अडकते आणि चिकणमातीच्या कणांवर सोडियमचं प्रमाण वाढते, मग ओली झाली की माती फुगून बंद होते आणि पाणी खाली जातच नाही. पूर्वेकडून पश्चिमेकडे पाऊस कमी होत जातो तसा हा त्रास वाढत जातो. चोपण (अशी सोडियमनं बिघडलेली जमीन) ठरवायला विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांवरचं, सोडियम १५ टक्के ही पुस्तकातली सीमा, पण या फुगणाऱ्या मातीत त्याच्या बरंच आधी निचरा बंद पडलेला असतो. तिथं प्रयोगशाळेतला नमुना आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी हेच थर, बाकी कितीही चित्रं घ्या.

माथ्यावरचं_वावर

भाऊ, कॉम्प्युटरचं तुमी लोक बोला, मी वावराचं बोलतो. माह्य वावर माथ्यावरच हाये, दिग्रसकडे.

तुह्या नकाशात माथा चांगला काऊन दिसते ते अजून एक कारण सांगतो. पावसाळ्यात आमच्या गावच्या ई-क्लासवर, म्हंजे गायरानात, जाऊन पाहा, हिरवंगार, कंबरेएवढं. पण ते हाये काय, तं तरोटा. ढोर त्याले तोंड लावत नाही. पह्यले तिथं पवन्या होता, मारवेल होतं, गावची सारी ढोरं त्याच्यावर जगत. मंग ढोरं जास्त, जागा कमी, काही अतिक्रमणात गेली, गवत मुळापासून खाल्लं गेलं, कुसळी आली आन् तिच्यामागून तरोटा. नाल्याच्या काठानं वेडी बाभूळ. उपग्रहाले हिरवं ते हिरवं, त्याले पवन्या आन् तरोटा येगळा समजते का? अन् दिवाळीनंतर तरोटा वाळला की खाली पूर्ण उघडी जमीन, गोटे गोटे दिसते. हे गावातल्या कोणत्याबी ढोरक्याले विचार, कोणत्या साली कोणत्या बाजूचं गवत गेलं ते तो बोट दाखवून सांगते. माह्य म्हणणं हाये का तुह्या नकाशात ढोरक्याचं म्हणणं आलं पाहिजे.

दुसरं. पिकाचं नुकसान झालं की पंचनामे होते नं, त्यात खरडून गेलेली जमीन येगळी लिहते. तलाठ्याकडे गट नंबरनिहाय यादी असते. कोणता नाला कोणाच्या वावरातून माती घेऊन गेला ते तिथं कागदावर हाये. तू ते घे.

आन् एक इचारतो, मनात आलं म्हणून. उद्या हा नकाशा सातबाऱ्यावानी गट नंबरनिहाय निघाला, माह्या वावरावर लाल रंग पडला, तं बँकवाला पीककर्जाले आडकाठी करन का? जमीन इकायची पाळी आली तं भाव पडन का? शिकलेल्या पोरानं नकाशा केला हे चांगलंच हाये, माह्या डोळ्यादेखत धुऱ्याजवळची माती खाली गेली हाये, ते कोणीतरी मांडलं पाहिजे. पण आधीच बरड वावरवाल्याले कोणी इचारत नाही, त्यात हा शिक्का नको.

शिवार_नकाशा

काका, दादा, ताई, तिघांचेही मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं.

खरडून गेलेल्या जमिनीची यादी मागायचा अर्ज देतो. आमच्या गावचा एक ढोरकी आहे, वयस्कर, त्याला गावनकाशाची मोठी प्रिंट दाखवून बाजू विचारणार आहे.

उताराचे वर्ग नवे पाडून आणि कोपर्निकसचा डीईएम घेऊन कालच परत चालवलं, माथा हिरव्यातून पिवळ्यात आला, पण लाल अजूनही नाही. खोलीला वाईटात वाईट गुण दिला तरी हलत नाही. हे काऊन होते दादा? आणि काकांचा कर्जाचा प्रश्न वाचून रात्री झोप आली नाही, गट नंबरपर्यंत नकाशा न्यायचा माझा विचार होता, आता काय करू?

पिक्सेल_नागपूर

चौथं मूळ काढतोस म्हणून. समज मातीला २ दिला, सगळ्यात वाईट, आणि बाकी तिघांना १.२. गुणाकार ३.४५६, त्याचं चौथं मूळ १.३६. म्हणजे नाजूक वर्ग, गंभीर नाही. साधी सरासरी घेतली असती तर १.४० येऊन गंभीरमध्ये गेलं असतं. भूमितीय सरासरी एकट्या वाईट घटकाला बाकीच्यांच्या चांगुलपणात बुडवते. चारही घटक मध्यम वाईट असतील तिथं ही पद्धत चांगली चालते, एकच घटक जीव घेणारा असेल तिथं नाही. यावर उपाय म्हणजे घटकांना वजनं द्यायची, जोडीजोडीनं तुलना करून, एएचपी म्हणतात त्याला. मातीला जास्त, व्यवस्थापनाला कमी वगैरे.

गट नंबरचं सांगतो. सेंटिनेल-२ चा १० मीटरचा पिक्सेल म्हणजे बरोबर १ आर, सातबाऱ्यावर असतो तोच आर, त्यामुळे मोह होतोच की आता प्रत्येक गटाचा निकाल काढू. पण तुझ्या पावसाचा पिक्सेल साडेपाच किलोमीटरचा आहे, मातीचा २५० मीटरचा. सगळ्यात जाड थराइतकाच तुझा नकाशा बारीक, वरून १० मीटरचा रंग दिला तरी. तो अ‍ॅटलसच पहा, राज्याचा नकाशा १:५,००,००० प्रमाणावर आहे, म्हणजे कागदावरच्या १ मिमीच्या चौकोनात २५ हेक्टर, ६२ एकर. त्यात आपलं वावर शोधणाऱ्याला कोणी दोष देऊ नये, पण तो नकाशा त्यासाठी नाहीच. काकांची भीती अगदी रास्त आहे आणि शास्त्रानंही ते बरोबरच ठरते: गटाचा निकाल द्यायला तुझ्याकडे डेटा नाही, म्हणून गटावर शिक्का मारायचाच नाही. लहान पाणलोट हे एकक घे आणि पाणलोटाचाच रंग दाखव.

काळीआई_अकोला

वजनांबद्दल माझं मत वेगळं आहे. वजनं कोण ठरवणार? तज्ज्ञ. मग दुसऱ्या तज्ज्ञाला विचारलं की नकाशा बदलणार. पिकाचं जसं असते की ज्या घटकाची सगळ्यात जास्त कमतरता तोच उत्पन्न ठरवतो, बाकी कितीही चांगले असोत, तसंच जमिनीचं धरा. शाश्वत विकास उद्दिष्टांतल्या १५.३.१ या निर्देशकात हेच तत्त्व आहे, उत्पादकता, भूआच्छादन आणि मातीतला सेंद्रिय कर्ब या तिघांपैकी एक जरी घसरला तरी जमीन ऱ्हास झालेली धरतात. ट्रेंड्सअर्थ नावाचं क्यूजीआयएसचं प्लगइन आहे ते हाच हिशोब करून देते.

पिक्सेल_नागपूर

ताई, ते तत्त्व मला पटते, पण विदर्भात ते जसंच्या तसं लावलं तर अर्धा तालुका लाल होतो, मग कामाला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. सेंद्रिय कर्ब तर आपल्या कोरडवाहू जमिनीत बहुतेक ठिकाणी कमीच असते.

पाणलोट_वाशीम

मी पाणलोट विकासाच्या कामावर आहे, वाशीम जिल्ह्यात, गावोगाव फिरणं असते. तुम्ही दोघं ज्यावर बोलून राहिले त्याचं आमच्यासाठी उत्तर सोपं आहे: एकच रंगाचा नकाशा देऊ नका. खोलीचा वेगळा, उताराचा वेगळा, हिरवेपणाच्या कलाचा वेगळा, चराईचा वेगळा. आम्हाला गावात गेल्यावर प्रश्न असतो की इथं काय करायचं, आणि लाल रंग ते सांगत नाही. माथ्यावर माती उरलीच नसेल तर सलग समतल चर आणि गवत. मधल्या उतारावर बांधबंदिस्ती आणि उताराला आडवी पेरणी. खाली नाल्यात बंधारा. माथा ते पायथा असाच क्रम लागतो, वरचं सोडून खाली बंधारा बांधला तर दोन-चार पावसाळ्यांत गाळानं भरते, हे मी पाहत आलेय.

आणि शिवार भाऊ, एक विनंती. झालेला ऱ्हास आणि पुढचा धोका हे दोन वेगळे नकाशे आहेत, तुमच्या शीर्षकात धोका आहे म्हणून म्हणते. जिथं १० सेंमी माती उरलीय तिथं ऱ्हास होऊन गेला. पण जिथं ३० ते ४५ सेंमी आहे, २-३ टक्के उतार आहे, उभ्या उतारानं पेरणी होते आणि धुरे फुटलेले आहेत, तिथली माती पुढच्या वर्षांत जाणार आहे आणि तिथंच पैसा लावला तर ती वाचते. बहुतेक नकाशांत हा पट्टा पिवळा असतो आणि म्हणून कोणी लक्ष देत नाही. मला वाटते तुमच्या प्रोजेक्टचं खरं काम तो पट्टा दाखवणं आहे.

अजून एक थर करता येईल. गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना २०१७ पासून आहे, तलावातला गाळ शेतकऱ्यांनी नेऊन बरड शेतात टाकायचा. वाहतूकच सगळ्यात महाग पडते. तालुक्यातले सगळे तलाव, प्रकल्प घ्या, त्यांच्याभोवती तीन-चार किलोमीटरची कड काढा आणि ती खोलीच्या थरावर टाका, कोणत्या तलावाचा गाळ कोणत्या बरड पट्ट्याला परवडेल ते एका नकाशात दिसेल. हा नकाशा ग्रामपंचायतीत लावला तर कोणाच्याही कर्जाला धोका नाही, उलट ज्याचं वावर त्यात येईल तो स्वतः येऊन विचारेल.

माथ्यावरचं_वावर

ताई हे पटलं. गाळाचा नकाशा पह्यले कर भाऊ, तो मले पण पाठव. आमच्या इकडे लोकायनं गाळ नेला, पण जो तलावाच्या जवळ त्यालेच भेटला, माथ्यावरच्याले ट्रॅक्टर परवडला नाही. आन् भारी जमिनीवाल्यायनं बी नेला, त्यायले गरज नव्हती.

काळीआई_अकोला

पाणलोट ताईंचं वेगवेगळे थर दाखवायचं म्हणणं मला मान्य आहे, माझी आणि पिक्सेल दादांची चर्चा त्यातच मिटते. गाळाबद्दल एवढंच की टाकायच्या आधी गाळाचा नमुना तपासून घ्या, खारपाण पट्ट्यालगतच्या तलावांचा तर नक्कीच. आणि मुरमाट जमिनीवरच टाका, काका म्हणतात ते बरोबर आहे.

शिवार_नकाशा

ठरलं मग. चार थर वेगळे, धोक्याचा पट्टा वेगळा, गाळाचा नकाशा जोडीला, निकाल लहान पाणलोटाप्रमाणे. सरांना मेडालसचा मूळ नकाशाही पहिल्या प्रकरणात ठेवून दाखवतो, म्हणजे बदल का केले ते कळेल. काका, नकाशा झाला की पहिली प्रिंट तुम्हाला.

एक शेवटचं. नकाशा बरोबर आला हे दाखवायला किती ठिकाणं तपासावी लागतात? पुस्तकात प्रत्येक वर्गाला ५० बिंदू लिहिले आहेत, एवढे खड्डे मी एकटा कुठं खोदू, आणि उभ्या पिकात कोणी खोदू पण देणार नाही.

पिक्सेल_नागपूर

बिंदू आधी क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक वर्गात यादृच्छिक (स्वतः न निवडता, कुठंही) टाकून घे, मग जा. रस्त्याकडेचे सोयीचे बिंदू घेतले तर रस्ते बहुतेक माथ्यावरून किंवा नदीकाठानं असतात, मधला उतार सुटतो, आणि तुला तोच पाहिजे आहे. ज्या खड्ड्यांवरून खोलीचा अंदाज बांधलास तेच परत तपासणीला वापरू नको, ते वेगळे ठेव. आणि सगळ्याच वर्गांसाठी खोदायची गरज नाही, तरोटा आहे की गवत, धुरा फुटला आहे का, पेरणी उभी की आडवी, हे मोबाइलवर फोटो आणि जीपीएस घेऊन होते.

काळीआई_अकोला

खोदायचं कशाला भाऊ, आयते खड्डे शिवारभर आहेत. नवीन शेततळं, विहिरीचं चालू काम, नाला खोलीकरणाचे काठ, पांदण रस्त्यासाठी जेसीबीनं कापलेली कड, घराच्या पायव्याचे चर. काठावरची पडलेली माती खुरप्यानं थोडी खरवडा, ताजा काप दिसला पाहिजे, मग वरून टेप सोडा आणि मुरूम किंवा चुनखडी कुठं लागते ते मोजा. फक्त वरचा ढिगारा मोजू नका, शेततळ्याच्या काठावर आतली माती टाकलेली असते आणि खोली एक-दीड फूट जास्त भरते, मूळ जमिनीची पातळी गवताच्या जुन्या मुळांवरून ओळखा. मार्च-एप्रिलमध्ये जा, तेव्हा पिकं निघालेली असतात आणि काठ कोरडे असतात. अशी तीस-चाळीस ठिकाणं झाली की आकडे मला इथंच टाका, खोलीचा अंदाज आपण मिळून बसवू.